आयताची बाजू

यांत्रिक घड्याळात जे जे फिरतं ते वर्तुळातच फिरतं. बॅलन्स व्हील गोल, स्प्रिंगचा डबा गोल, दातेरी चाकं गोल, आणि काट्यांना तर गोल फिरण्याखेरीज दुसरं कामच नाही. असं यंत्र आयताकृती पेटीत बसवायचं म्हणजे चारही कोपरे फुकट घालवायचे, हा हिशेब कोणीही मांडेल. म्हणूनच आयताकृती मनगटी घड्याळं जमवणाऱ्या माणसाकडे इतर संग्राहकही जरा संशयानेच पाहतात. याला यंत्रात रस नाही, दागिन्यात आहे, असा त्यांचा ग्रह असतो. या लेखात मला उलट बाजू मांडायची आहे. गोल आकार ही मनगटाची गरज नव्हती, तो खिशातल्या घड्याळाकडून आलेला वारसा होता. मनगट डोळ्यांपुढे ठेवून जे आकार घडले त्यांत आयत अग्रभागी होता. तो मागे पडला तो सौंदर्याच्या वा उपयोगाच्या कसोटीवर हरून नव्हे. लेथ मशीन, पाणी आणि युद्धखात्याची खरेदी या तिघांनी मिळून त्याला मागे सारलं. हे खरं असेल, तर आयताची आवड हा नुसता षौक राहत नाही. घड्याळाच्या इतिहासाबद्दल घेतलेली ती एक भूमिका ठरते.

सुरुवातीची पुरुषांची मनगटी घड्याळं पाहिली की हा वारसा उघडा पडतो. बोअर युद्धात इंग्रज अधिकारी खिशातलं घड्याळ चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधत. पहिल्या महायुद्धातल्या खंदकी घड्याळांत त्याच गोल डबीच्या दोन बाजूंना तारेच्या कड्या डाखलेल्या असत आणि त्यांतून पट्टा ओवलेला असे. घड्याळ वेगळं, पट्टा वेगळा, मधे तारेचा जोड. विमानाच्या दांड्यावरून हात न काढता वेळ कळावी म्हणून पॅरिसमधला ब्राझिली वैमानिक आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ याच्यासाठी जवाहीर लुई कार्तिए यांनी १९०४ मध्ये जे घड्याळ केलं, त्यात हा जोड नाहीसा होऊ लागला. ते गोलसर कोपऱ्यांचं चौकोनी घड्याळ होतं आणि त्याच्या केसचेच कान पट्ट्याला भिडत होते. १९११ मध्ये ते सर्वांसाठी विक्रीला आलं. पुढचं पाऊल १९१७ चं. कार्तिए यांच्या ‘टँक’ या घड्याळात तबकडीच्या दोन बाजूंनी दोन समांतर दांड्या सरळ खाली उतरतात आणि त्यांच्याच टोकांत पट्टा बसतो. केस कुठे संपते आणि पट्टा कुठे सुरू होतो हे नजरेला सापडत नाही. वरून पाहिलेल्या रेनो रणगाड्याच्या साखळपट्ट्यांवरून हा आकार सुचला, असं कंपनी सांगत आली आहे. कथा आकर्षक आहे, पण फार ताणू नये. चौकोनाकडे कार्तिए यांची वाटचाल रणगाडा जन्माला येण्याच्या बारा-तेरा वर्षं आधीच सुरू झाली होती. रणगाड्याने नाव दिलं असेल. आकार पट्ट्याने दिला. पट्टा ही मुळात दोन समांतर रेघांमधली जागा आहे आणि तिच्यावर ठेवलेला आयत तिचाच एक तुकडा वाटतो.

आता आक्षेप. काटे वर्तुळ काढतात, मग आयतावर ते वाचायचे कसे? हा आक्षेप खरा आहे आणि आयताचे कैवारी तो बहुधा टाळतात. मिनिटकाटा केसच्या रुंदीच्या निम्म्याहून लांब करता येत नाही, नाहीतर तो कडेला अडकेल. त्यामुळे ३ आणि ९ च्या अंकांना तो जवळजवळ टेकतो, पण १२ आणि ६ पाशी त्याचं टोक आणि अंक यांच्यात मोठी पोकळी राहते. टँकची तबकडी जवळ धरून पाहिली की ही अडचण कशी सोडवली ते दिसतं. मधोमध रेल्वेच्या रुळांसारखी दुहेरी रेघांची मिनिटांची चौकट आहे. ती काट्याच्या आवाक्यात आहे, त्यामुळे नेमकी वेळ तिच्यावर वाचायची. तिच्याबाहेर रोमन आकडे आहेत आणि ते केंद्रापासून फाकत जाताना कोपऱ्यांपाशी चक्क ताणले गेले आहेत. कोपरा रिकामा राहिला नाही, आकड्यानेच तो भरला. अनेक तबकड्यांवर सात किंवा दहाच्या एका पायात कार्तिए हे नाव इतक्या बारीक अक्षरांत लपवलेलं असतं की भिंग लावल्याशिवाय ती रेघच वाटते. १९२८ च्या रोलेक्स ‘प्रिन्स’ने वेगळी वाट काढली. तबकडीचे वरखाली दोन भाग केले. वर तास-मिनिटं, खाली सेकंदांचं स्वतंत्र आणि चांगलं मोठं वर्तुळ. नाडी मोजायला सोयीचं म्हणून ते डॉक्टरांचं घड्याळ या नावाने ओळखलं गेलं. गोल तबकडीत सहाच्या अंकावर बटणाएवढा सेकंदकाटा बसवून जे साधत नव्हतं, ते आयताच्या लांबीने साधलं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. पुष्कळ आयताकृती घड्याळं उघडली की आत छोटंसं गोल यंत्रच बसवलेलं सापडतं आणि उरलेली जागा धातूच्या चौकटीने भरलेली असते. हे खरंच आहे, आणि मोठ्या नावांची घड्याळंही याला अपवाद नाहीत. पण यावरून आयत म्हणजे मुखवटा असा निष्कर्ष काढला तर १९२५ ते १९४० या काळातली सगळी कारागिरी नजरेआड होते. अरुंद केसमध्ये गोल यंत्र घालायचं तर त्याचा व्यास केसच्या रुंदीने बांधला जातो. तेच यंत्र लांबट केलं, स्प्रिंगचा डबा एका टोकाला आणि बॅलन्स व्हील दुसऱ्या टोकाला ठेवलं, तर दोघांनाही ऐसपैस जागा मिळते. मोठा डबा म्हणजे अधिक ताकद, मोठं बॅलन्स म्हणजे अधिक स्थिर चाल. ‘प्रिन्स’मधल्या एगलर कंपनीच्या यंत्रात हेच केलेलं होतं आणि त्यातली अनेक घड्याळं क्रोनोमीटरच्या दर्जाला उतरली. त्याआधी १९२५ मध्ये लकूल्त्र कंपनीने ‘ड्युओप्लान’ काढलं होतं. त्यात यंत्राचे भाग दोन मजल्यांवर मांडले होते, म्हणजे स्त्रियांच्या अगदी बारीक घड्याळातही बॅलन्स फार आखडून घ्यावं लागलं नाही. पातेक फिलीप यांनी १९३४ मध्ये खास लांबट घड्याळांसाठी ‘९-९०’ हे यंत्र केलं आणि ते पुढे दशकानुदशकं वापरलं. सर्वांत हट्टी प्रयोग अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या ग्रूएन कंपनीचा. १९३५ च्या ‘कर्व्हेक्स’मध्ये केस मनगटाबरोबर वळलेली होती, आणि सपाट यंत्र बसवलं तर त्या कमानीखाली जागा वाया गेली असती, म्हणून त्यांनी यंत्रच वळवलं. यात मुखवटा कुठे आहे? तेव्हा आक्षेप सगळ्या आयतांना लागू नाही, आळशी आयतांना आहे. संग्राहकाचं निम्मं शिक्षण हा फरक ओळखण्यातच जातं.

आयताचा आपल्या देशाशी एक धागा आहे. सेझार द त्रे हा मूळचा कृत्रिम दातांच्या धंद्यात पैसा मिळवून घड्याळांकडे वळलेला स्विस व्यापारी. १९३०-३१ च्या हिवाळ्यात तो हिंदुस्थानात आला असताना एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने पोलोच्या सामन्यात काच फुटलेलं घड्याळ त्याच्यापुढे ठेवलं आणि या खेळात टिकेल असं काही करून दाखवा म्हणून आव्हान दिलं, अशी कथा हे घड्याळ पुढे काढणारी लकूल्त्र कंपनीच सांगते. कथेचा रंग वजा केला तरी कागद उरतात. ४ मार्च १९३१ रोजी रने-आल्फ्रेद शोव्हो या फ्रेंच अभियंत्याने आपल्या चौकटीत सरकून पूर्ण उलटं होणाऱ्या घड्याळासाठी पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज केला. हेच ‘रिव्हर्सो’. केस बाजूला सरकवायची, फिरवायची, पुन्हा खटकन बसवायची. काच आत आणि धातूची पाठ बाहेर. गंमत म्हणजे अशा घड्याळात बसवण्याजोगं यंत्र लकूल्त्रकडे तेव्हा तयार नव्हतं. पहिल्या घड्याळांत ताव्हान कंपनीची यंत्रं घालावी लागली आणि १९३३ पासून स्वतःचं यंत्र आलं. माझ्या युक्तिवादाला इथे भक्कम पुरावा मिळतो, कारण अशा खोबणीत सरळ कडांशिवाय सरकताच येत नाही. गोल घड्याळ असं उलटत नाही. म्हणजे या ठिकाणी आयत ही सजावट नसून यंत्रणेची अट आहे. सुवर्ण गुणोत्तराने रिव्हर्सोची प्रमाणं ठरली, हे जाहिरातींत नेहमी येणारं विधान मात्र मी बाजूला ठेवतो. त्या घड्याळाला त्याची गरज नाही. त्याच्या वरखाली तीन-तीन आडव्या रेघा आहेत, आणि ज्यांनी मुंबईत मरीन ड्राइव्हच्या किंवा ओव्हल मैदानाच्या पश्चिमेच्या इमारती मान वर करून पाहिल्या आहेत त्यांना त्या ओळखीच्या वाटतील. खिडक्यांवरून जाणारे तेच आडवे पट्टे, तीच बेताची नक्षी. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनाने जगभर पसरवलेली आर्ट डेको शैली दहा-पंधरा वर्षांत घड्याळाच्या केसवरही आली आणि १९३८ च्या इरॉस सिनेमाच्या दर्शनी भिंतीवरही.

मग हे सगळं असताना आयत हरला कसा? उत्तर आट्यांत आहे. गोल झाकणाला आटे पाडता येतात आणि ते डब्यावर फिरवून घट्ट बसवता येतं. आयताकृती झाकण फिरणारच कसं? रोलेक्सने १९२६ मध्ये ‘ऑइस्टर’ केस काढली ती याच तत्त्वावर, आणि पुढच्याच वर्षी इंग्लिश खाडी पोहणाऱ्या मर्सिडीस ग्लाइट्झच्या गळ्यात ते घड्याळ घालून जाहिरातही केली. गोल वॉशरवर दाब चहूबाजूंनी सारखा पडतो, आयताच्या कोपऱ्यांपाशी तो बिघडतो. त्यातच १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणाऱ्या वजनाचं ऑटोमॅटिक यंत्र आणलं, आणि अर्धचंद्राकृती वजनाला फिरायला वर्तुळच लागतं. आयताच्या बाजूने उत्तरं दिली गेली नाहीत असं नाही. लेऑन हातो यांच्या ‘रोल्स’मध्ये फिरतं वजन नव्हतंच; सबंध यंत्रच केसमध्ये छर्‍यांवर मागेपुढे सरकायचं आणि त्या हालचालीनेच चावी भरायची. ओमेगाने १९३२ मध्ये ‘मरीन’ काढलं. ते आयताकृती होतं आणि एका केसमध्ये दुसरी केस सरकवून बंद व्हायचं, त्यामुळे पाण्याचा दाब वाढला तर आवरण अधिकच घट्ट बसे. १९३६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात ते ७३ मीटर खोल नेऊन तपासलं गेलं. तेव्हा आयत पाण्यात टिकत नाही हे खोटं ठरलेलं आहे. तो स्वस्तात टिकत नाही, हे खरं. दोन केसेस, कोपऱ्यांचं घासकाम, वेगळं यंत्र, वेगळी काच, आणि या प्रत्येक गोष्टीचा कारखान्यात खर्च. लेथवर गोल केस मात्र भराभर निघते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश लष्करासाठी बारा कंपन्यांनी एकाच नमुन्याबरहुकूम घड्याळं पुरवली. काळी तबकडी, पाणीरोधक, आणि बाराही गोल. त्या बारांत रिव्हर्सो करणारी जॅजे-लकूल्त्रही होती. शांततेच्या काळात नागरिकांनी जे ‘खरं’ पुरुषी घड्याळ मानलं, त्याचा साचा हा असा खरेदीच्या कागदावर ठरला. रिव्हर्सो तर जवळजवळ विस्मृतीत गेलं होतं. १९७२ च्या सुमारास ज्योर्ज्यो कोर्व्हो या इटालियन विक्रेत्याने कारखान्यात पडून असलेल्या सुमारे २०० केसेस उचलल्या, त्यांत यंत्रं बसवून विकल्या, आणि मग कंपनीला जाग आली.

संग्राहकांवरचा तिसरा आक्षेप पैशाचा आणि प्रसिद्धीचा आहे. जॅकलीन केनेडी यांचं टँक जून २०१७ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ३,७९,५०० डॉलरला गेलं, अँडी वॉरहॉलच्या मनगटावर टँक असे, नट व्हॅलेंटिनोने १९२६ च्या ‘द सन ऑफ द शेख’मध्ये वाळवंटातल्या शेखाच्या हातात तेच घातलं, मग ही आवड घड्याळाची की नावांची? केनेडींच्या घड्याळाची किंमत नावाचीच होती, त्याबद्दल वाद नको. पण लिलावाच्या बातम्यांवरून एखाद्या छंदाची पारख होत नाही. १९३०-४० च्या दशकांतली हॅमिल्टन, बुलोव्हा, एल्जिन, ग्रूएन यांची सोन्याच्या पत्र्याची आयताकृती घड्याळं त्याच काळातल्या गाजलेल्या गोल घड्याळांच्या मानाने आजही बेताच्या किमतीत मिळतात, कारण आजच्या नजरेला ती बारीक आणि नाजूक वाटतात. आणि ती जमवायला डोळा लागतो. गोल केस दोनदा पॉलिश झाली तरी गोलच राहते. आयताची धार एकदा गेली की गेली. टँकच्या दांडीची कड सरळ चालली आहे की मधेच साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली आहे, हे तिरप्या उजेडात धरल्यावर लगेच कळतं, आणि जाणता माणूस तबकडीआधी तेच पाहतो. त्यानंतर काच. गोल काच घड्याळजीकडे मापाप्रमाणे तयार मिळते. जुन्या लांबट, वळणदार घड्याळाची काच मात्र बहुधा त्या केससाठी घासूनच बसवावी लागते, आणि ती नीट बसली नाही तर कोपऱ्यातून ओल आत शिरते. जुन्या आयतांच्या तबकड्यांवरचे डाग पुष्कळदा कोपऱ्यांपासून सुरू होतात ते यामुळे.

कोणी म्हणेल, एवढी बाजू मांडलीत, पण बाजाराने निकाल दिलेला आहे. दिला आहे खरा, पण तो कशाविरुद्ध ते पाहिलं पाहिजे. काटे असेपर्यंत वर्तुळ जिंकलं. आकड्यांचं घड्याळ आलं आणि कॅसिओच्या १९८९ च्या ‘एफ-९१डब्ल्यू’ने आडव्या आयतात वेळ दाखवून लाखो मनगटं काबीज केली. २०१५ मध्ये ॲपलने मनगटासाठी पडदा बनवला तेव्हा तो उभा, गोलसर कोपऱ्यांचा आयतच ठेवला, कारण ओळी आणि याद्या वर्तुळात कापल्या जातात. यांत्रिक आयताचा चाहता या दोघांना आपले वारस मानणार नाही, आणि मानूही नये. त्यांच्या आकाराला फिरत्या चाकांशी झगडावंच लागलं नाही. मात्र त्यांनी एक गोष्ट उघड केली. वर्तुळ काट्यांना हवं होतं, मनगटाला नव्हे. काटेही ठेवायचे आणि मनगटाचंही ऐकायचं, हा अवघड सौदा टँक, प्रिन्स, कर्व्हेक्स आणि रिव्हर्सो यांनी प्रत्येकी वेगळ्या रीतीने जमवला, आणि संग्राहक त्या चार रीती शेजारी शेजारी ठेवून पाहतो.