घरातील जमीन कशी असावी?

पावसाळा सरला की नाताळापूर्वी घराला रंग द्यावा, जमीन नवी करावी, असे बेत घरोघरी सुरू होतात. तांबडा सिमेंट, मोझेक आणि चिनी मातीची लादी आपल्या ओळखीची आहे. आता व्हिनाईलच्या पट्ट्याही बाजारात आल्या आहेत. त्या दिसायला सागवानी फळीसारख्या व पायाला मऊ असतात, आणि एका दिवसात खोली तयार होते. त्या घ्याव्यात की नाही, याचा विचार येथे करू.

जमिनीचा प्रश्न आधी आरोग्याचा, मग शोभेचा. अंकुशकृमी ओल्या मातीत वाढतो, अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतो. मेक्सिकोतील कोआविला राज्याने 2000 साली गरिबांच्या घरांतील मातीच्या जमिनी सिमेंटच्या करून देण्याची योजना हाती घेतली. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, घरातील सगळी जमीन सिमेंटची झाली तर मुलांतील जंतांचे प्रमाण 78 टक्क्यांनी आणि अतिसाराचे 49 टक्क्यांनी घटते. हा फरक साध्या सिमेंटने घडवला, महागड्या लादीने नव्हे. जी जमीन धुता-पुसता येते, तीच आरोग्याला चांगली.

आमच्या आज्या शेणाने सारवीत. त्या जमिनीला गारवा होता, धूळ बसत असे आणि खर्चही नव्हता. परंतु ती धुता येत नाही, आणि शेणात धनुर्वाताचे बीज असू शकते. म्हणून बाळंतिणीच्या खोलीत तरी शेण नको.

व्हिनाईल म्हणजे पी.व्ही.सी., ज्याचे पाण्याचे पाईप होतात तेच प्लास्टिक. ते पाणी शोषत नाही, आणि लादीच्या सांध्यांत जसा काळा मळ साचतो तसा त्यात सहसा साचत नाही. हे त्याचे गुण झाले. आता दोष पाहा. बलकांवात ऊन लागले की त्याचा रंग उडतो, गरम टोप ठेवल्यास डाग पडतो आणि जड कपाट ओढल्यास ओरखडा उठतो. रबरी पाठीच्या पायपुसण्याचाही त्यावर कायमचा डाग राहू शकतो.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे खालची ओल. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या जुन्या चिऱ्याच्या घरांत जमिनीखाली ओल अडवणारा थर बहुधा नसतो. वर प्लास्टिक घातले की ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. दम्याच्या माणसाला ती फार बाधते. म्हणून आधी अशी परीक्षा घ्यावी: हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद जमिनीवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करावा व एक दिवस ठेवावा. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा सिमेंट काळवंडले, तर आधी ओलीचा उपाय करावा. ही परीक्षा पावसाळ्यात किंवा तो संपताच घ्यावी. मे महिन्यात कोरडी दिसणारी जमीन फसवते.

विकत घेताना चार गोष्टी पाहाव्यात:

1. पट्टीवरचा झिजरोधक थर निजण्याच्या खोलीत 0.3 मिलिमीटर तरी असावा. जेथे सतत वर्दळ असते त्या वसरीत 0.5 असावा.
2. पृष्ठभाग फार गुळगुळीत नको. म्हातारी माणसे ओल्या जमिनीवर घसरतात आणि खुब्याचे हाड मोडले की अंथरूण धरतात.
3. खालची जमीन सपाट हवी. एकमेकांत अडकणाऱ्या पट्ट्या बसवण्याआधी दोन दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात व भिंतीकडेला थोडी फट सोडावी.
4. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शेतातून येण्याचे दार येथे सिमेंट किंवा खरखरीत लादीच बरी.

मुळगावच्या लोकांना तांबड्या धुळीची ओळख करून द्यायला नको. दारात पाय धुण्यासाठी पाणी व जाड पायपुसणे ठेवले, तर निम्मी घाण बाहेरच राहते. व्हिनाईल आधी झाडावे, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने, पाण्यात थोडा सौम्य साबण घालून पुसावे. बादलीभर पाणी ओतू नये. रॉकेल, थिनर व ॲसिड वापरू नये. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड तर कधीच एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

शेवटी एक गोष्ट सांगावीशी वाटते. शेजाऱ्याने केले म्हणून कर्ज काढून सारे घर मढवू नये. तडा गेलेला तांबडा सिमेंट नीट बुजवून रोज पुसला, तर तोही निर्मळ राहतो. पैसे थोडे असतील तर मूल रांगते ती खोली आधी करावी. लूकच्या शुभवर्तमानातील ती स्त्री हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून सारे घर झाडते. आपल्या घरातील नाणे म्हणजे जमिनीवर रांगणारे लेकरू आणि भिंत धरून चालणारी आजी. त्यांच्यासाठी रोज हाती घेतलेला केरसुणीचा मान दुकानातील कोणत्याही मालापेक्षा मोठा आहे.