अहवाल निर्दोष, तरी श्वास अपुरा

श्वास अपुरा पडण्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्या बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत कारण सापडते, आणि ते दमा, विडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने जडलेला श्वासनलिकांचा चिवट विकार, हृदयाची दुर्बलता, फुप्फुसाच्या ऊतींना आलेला ताठरपणा, रक्तक्षय, स्थूलता अशा मोजक्या नावांत बसते. उरलेला गट लहान असला, तरी त्याची अवस्था अधिक बिकट असते. छातीचा एक्सरे स्वच्छ, टू-डी इको ठीक, नळीत फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी मर्यादेत, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८, आणि तरीही जिना चढताना, बोलताना, कधी नुसते बसले असतानाही छाती पुरती भरत नाही. जांभई देऊन किंवा मोठा उसासा टाकून क्षणभर बरे वाटते आणि पुन्हा तीच घुसमट सुरू होते. चार आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या धापेला वैद्यकशास्त्र सामान्यतः दीर्घकालीन धाप मानते. ती महिनोन्‌महिने सोबत घेऊन जगणाऱ्या माणसाला ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ या वाक्याने दिलासा मिळत नाही, कारण त्रास जिथल्या तिथे राहतो आणि तो सांगण्याची जागा मात्र बंद होते.

या कोंडीच्या मुळाशी एक गैरसमज आहे. हवा पुरत नाही म्हणजे रक्तात प्राणवायू कमी पडतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते, आणि जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात ज्याचे तत्त्व शोधले ते ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घरोघरी पोचल्यापासून हा समज अधिकच पक्का झाला. हे उपकरण रक्तातील हिमोग्लोबिनचा किती हिस्सा प्राणवायूने भरलेला आहे एवढेच दाखवते. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, कार्बन डायऑक्साइड किती साचला किंवा घटला आहे, श्वासाच्या स्नायूंना किती कष्ट पडत आहेत, यांतले काहीही त्याला कळत नाही. कोविडच्याच साथीत प्राणवायूची पातळी धोकादायक रीतीने घसरूनही ज्यांना धाप जाणवत नव्हती असे रुग्ण डॉक्टरांनी पाहिले. पातळी खाली जाऊनही धाप नसू शकते, तशीच पातळी उत्तम असूनही धाप असू शकते.

धापेची जाणीव मेंदूत घडते. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतील चेतापेशींचे जाळे श्वासाची लय चालवते आणि दर क्षणी शरीरातून येणाऱ्या वार्ता ऐकते. विश्रांतीच्या अवस्थेत श्वासाचे नियमन मुख्यतः कार्बन डायऑक्साइड करतो, हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिले. मानेतील धमन्यांजवळच्या संवेदकांचे कार्य उलगडणाऱ्या कॉर्नेल हेमन्स यांना १९३८चे नोबेल मिळाले. यांशिवाय फुप्फुसे किती ताणली गेली, छातीचे स्नायू किती आवळले, चेहऱ्याला वारा लागतो आहे की नाही, अशाही वार्ता तिथे पोचतात. मेंदू श्वासाची आज्ञा सोडतो, तिची एक प्रत स्वतःच्याच संवेदनकेंद्रांकडे धाडतो आणि मागितलेला श्वास व प्रत्यक्षात मिळालेला श्वास ताडून पाहतो. दोहोंत तफावत पडली की जी पीडा जाणवते तीच धाप. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांचे सर्व स्नायू औषधाने तात्पुरते लुळे करून त्यांचा श्वास यंत्राने चालवण्यात आला होता, आणि रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढवताच एकही स्नायू हलत नसताना त्यांना हवेची तीव्र भूक जाणवली. ही भूक, स्नायूंना पडणारे कष्ट आणि छाती आवळल्यासारखे वाटणे या तीन संवेदना वेगवेगळ्या आहेत. छाती आवळणे श्वासनलिकांच्या आकुंचनाकडे बोट दाखवते, तर कष्ट जाणवणे स्नायूंच्या अशक्तपणाकडे किंवा वाढलेल्या भाराकडे. म्हणून ‘दम लागतो’ एवढ्यावर न थांबता तो कसा लागतो हे रुग्णाने सांगणे आणि डॉक्टरांनी विचारणे, ही तपासणीची पहिली पायरी ठरते.

‘कारण सापडले नाही’ या शेऱ्याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की केलेल्या चाचण्यांत ते दिसले नाही. दमा वेळेनुसार बदलतो, त्यामुळे दुपारी बारा वाजता केलेली फुंकण्याची चाचणी निर्दोष येऊन पहाटे तीन वाजता तोच रुग्ण उठून बसलेला असू शकतो. अशा वेळी श्वासनलिका मुद्दाम उत्तेजित करून पाहणारी चाचणी उपयोगी पडते. उतारवयातील, रक्तदाब व लठ्ठपणा असलेल्या काही व्यक्तींच्या हृदयाचे आकुंचन उत्तम असले, तरी हृदय नीट सैलावत नाही, आणि हा दोष विश्रांतीत काढलेल्या इकोमध्ये निसटून व्यायामाच्या वेळीच उघडा पडू शकतो. फुप्फुसाच्या धमन्यांत अडकून राहिलेल्या जुन्या गुठळ्या साध्या एक्सरेत दिसत नाहीत. श्वासपटल, म्हणजे छाती व पोट यांमधला घुमटाकार स्नायू, दुबळा झाला असेल तर उताणे झोपल्यावर किंवा छातीपर्यंत पाण्यात उतरल्यावर धाप वाढते, पण बसून केलेल्या चाचणीत फारसे काही आढळत नाही. श्वास आत घेताना स्वरतंतू उघडण्याऐवजी मिटू लागण्याचा एक विकार आहे. त्यात घशाशी अडकल्यासारखे वाटते, त्याला दमा समजून वर्षानुवर्षे पंप दिले जातात आणि त्यांचा गुण येत नाही.

भारतात आणखी काही शक्यता आवर्जून तपासायला हव्यात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि तरीही घरकाम करताना धापणाऱ्या बाईचे हिमोग्लोबिन पाहण्याआधी तिला ‘वय झाले’ असे सांगितले जाते, ही गोष्ट संताप आणणारी आहे. चुलीच्या धुराने सिगारेट न ओढणाऱ्यांचीही फुप्फुसे कशी निकामी होतात, हे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये काम केलेल्या डॉ. संदीप साळवी यांच्यासारख्या संशोधकांनी जगापुढे मांडले. बऱ्या झालेल्या क्षयरोगाचे व्रण पुढे धाप देतात. फुप्फुसाच्या ऊतींच्या विकारांची देशव्यापी नोंदणी २०१७ साली प्रसिद्ध झाली, तीत जवळजवळ निम्म्या रुग्णांचा विकार श्वासावाटे आत गेलेल्या सेंद्रिय कणांच्या अतिसंवेदनेतून उद्भवलेला होता. पक्ष्यांची विष्ठा व पिसे, भिंतींवरची बुरशी, अस्वच्छ एअरकूलर हे त्याचे नेहमीचे उगम. सुरुवातीच्या काळात या विकारात एक्सरे स्वच्छ असू शकतो, म्हणून खिडकीत कबुतरे बसतात का, कूलरची जाळी कधी धुतली होती, हे डॉक्टरांनी न विचारल्यास रुग्णाने आपण होऊन सांगावे.

एवढे करूनही उत्तर न मिळाल्यास हृदय व फुप्फुस यांची व्यायामचाचणी उपयोगी ठरते. तोंडावर मुखवटा लावून सायकल चालवत असताना प्रत्येक श्वासातील वायू मोजले जातात आणि अडथळा हृदयात आहे, फुप्फुसात आहे, स्नायूंत आहे की श्वासाच्या लयीत, हे बरेचसे वेगळे करता येते. बॉस्टनमधील डेव्हिड सिस्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांत नळ्या घालून अशी चाचणी केली, तेव्हा ज्यांची धाप अनाकलनीय मानली गेली होती अशा काही रुग्णांच्या हृदयात व्यायामाच्या वेळी पुरेसे रक्त परतच येत नसल्याचे आढळले. हे निरीक्षण २०१६ साली प्रसिद्ध झाले. कोविडनंतर रेंगाळलेल्या धापेच्या बाबतीत, सीटी स्कॅन निर्दोष असूनही विशेष प्रकारच्या झेनॉन वायूच्या प्रतिमांमध्ये वायूची देवाणघेवाण बिघडलेली दिसल्याचे ब्रिटिश संशोधकांनी दाखवले. अशा तपासण्या मोजक्याच ठिकाणी होतात आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असतात, हे खरे. पण त्यांचे निष्कर्ष ज्यांची ही चाचणी कधीच होणार नाही त्या रुग्णांच्याही बाजूने साक्ष देतात.

काही रुग्णांमध्ये मात्र इंद्रिये सुदृढ असतात आणि श्वास घेण्याची पद्धतच बिघडलेली असते. अमेरिकी यादवी युद्धातील धाप, धडधड व छातीदुखीने बेजार झालेल्या सैनिकांचे वर्णन जेकब मेंडेस द कोस्टा यांनी १८७१ साली केले, त्या जुन्या नोंदीतही या अवस्थेच्या खुणा ओळखू येतात. गरजेपेक्षा जास्त हवा आतबाहेर होऊ लागली, म्हणजे अतिश्वसन सुरू झाले, की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, ओठांभोवती व बोटांत मुंग्या येतात, आणि मेंदूला मात्र हवा अपुरी पडल्याचाच भास होऊन श्वास आणखी वाढतो. छातीच्या वरच्या भागाने, तोंडावाटे, मध्येच उसासे टाकत घेतला जाणारा असा श्वास ओळखण्यासाठी नेदरलँड्समध्ये तयार झालेली सोळा प्रश्नांची नाइमेखन प्रश्नावली वापरतात. ती दिशा दाखवते, निदान पक्के करत नाही. अशा माणसाला ‘दीर्घ श्वास घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तोच बहुधा त्याचा त्रास वाढवतो. त्याला गरज असते ती हळू, उथळ, नाकाने घेतलेल्या आणि लांबवून सोडलेल्या श्वासाची, जो प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकावा लागतो आणि अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात.

मेंदू धाप शिकतोही. बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे ओमेर फान देन बेर्ख यांच्या गटाने कार्बन डायऑक्साइडमिश्रित हवा एखाद्या वासासोबत काही वेळा हुंगवली, आणि पुढे साध्या हवेत केवळ तो वास येताच लोकांना पुन्हा श्वासाची लक्षणे जाणवू लागली. खऱ्या आजारात ज्या जिन्यावर, ज्या गर्दीत, ज्या रात्री जीव घाबरा झाला, त्या जागी आजार ओसरल्यावरही मेंदू आधीच धोक्याचा अंदाज बांधतो. याला ‘मनाचे खेळ’ म्हणणे चुकीचे आणि क्रूर आहे. अपेक्षेतून उपजलेली धापही तितकीच खरी असते, आणि जे मज्जासंस्था शिकली ते तिला सावकाश विसरायलाही लावता येते.

म्हणूनच आराम मिळण्यासाठी निदानाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मूळ आजारावर शक्य ते सर्व उपचार करूनही जी धाप उरते आणि माणसाला पंगू करते, तिला २०१७ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने दीर्घकालीन धापेचा लक्षणसमूह असे स्वतंत्र नाव दिले, ते तिच्यावर स्वतंत्रपणे उपचार व्हावेत म्हणून. केंब्रिजमधील धाप-सेवेने या उपचारांची मांडणी तीन दुष्टचक्रांत केली आहे: श्वासाची लय बिघडते, विचार भीतीकडे धावतात आणि हालचाल कमी होते. यांतले तिसरे चक्र फसवे असते. धाप लागते म्हणून माणूस जिना टाळतो, त्याने मांड्यांचे स्नायू सैल पडतात, सैल स्नायू थोड्याच श्रमात आम्ल निर्माण करतात आणि ते आम्ल श्वास आणखी वाढवते. काही महिन्यांत स्वयंपाकघरापर्यंतचे अंतरही जड वाटू लागते. किंचित धाप लागेल एवढे, पण मोडून पडणार नाही एवढे रोजचे चालणे हा त्यावरचा इलाज आहे. कोविडनंतरच्या थकव्यात मात्र श्रमांनंतर दुसऱ्या दिवशी प्रकृती ढासळत असेल, तर हे चालणे वाढवू नये.

धाप अंगावर येते तेव्हा खुर्चीत पुढे वाकून कोपरे गुडघ्यांवर टेकवल्याने श्वासाच्या स्नायूंना आधार मिळतो. शीळ घालताना करतात तसा ओठांचा चंबू करून श्वास सोडल्याने तो पुरता बाहेर पडतो. हातात धरायच्या छोट्या पंख्याचा वारा नाकाजवळ व गालांवर घेतल्याने धाप कमी होते, हे केंब्रिजच्या २०१०मधील अभ्यासात दिसले. पायांवर घेतलेल्या वाऱ्याचा तसा उपयोग झाला नाही, कारण चेहऱ्याची संवेदना वाहणारी चेता मेंदूला हवा येत असल्याची वार्ता देते. त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांच्या रक्तात प्राणवायू फार कमी नव्हता अशा असाध्य आजारांच्या रुग्णांना नळीतून दिलेला प्राणवायू साध्या हवेपेक्षा सरस ठरला नाही. पातळी चांगली असताना घरी ऑक्सिजनचे यंत्र विकत आणण्यापूर्वी कुटुंबाने हे ध्यानात घ्यावे. मॉर्फिनच्या अल्प मात्रेबद्दलही बरीच आशा होती, पण श्वासनलिकांच्या दीर्घकालीन विकाराच्या रुग्णांवरील २०२२च्या चाचणीत तिचा लाभ दिसला नाही.

महाराष्ट्रात अशा तक्रारीवर पहिला सल्ला बहुधा प्राणायामाचा मिळतो, आणि योगाभ्यासाची प्रयोगशाळेत पारख करण्याची परंपराही स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून इथेच सुरू केली. पण प्राणायामाचे सर्व प्रकार सर्वांना सारखे मानवत नाहीत. श्वास लांबवणारे, संथ प्रकार अतिश्वसनाच्या रुग्णाला उपकारक ठरू शकतात. कपालभाती व भस्त्रिका यांसारखे वेगवान प्रकार त्याचाच दोष वाढवू शकतात, आणि दूरदर्शन संचावर पाहून ते करणे तर टाळलेलेच बरे.

छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, भोवळ येऊन पडणे, थुंकीतून रक्त, एकाच पायाला सूज किंवा अचानक वाढलेली धाप यांपैकी काही दिसल्यास हे सारे बाजूला ठेवून रुग्णालय गाठावे. एरवी वेल्समधील खाणकामगारांच्या अभ्यासातून चार्ल्स फ्लेचर यांनी घडवलेली श्रेणी हाताशी ठेवता येते: चढावर दम लागतो, की बरोबरीच्या माणसांसोबत सपाटीवर चालताना मागे पडावे लागते, की शंभरेक मीटरवर थांबावे लागते, की घराबाहेरच पडवत नाही. दर महिन्याला आपली पायरी वहीत नोंदवणाऱ्या रुग्णाची तक्रार डॉक्टरांना उडवून लावता येत नाही. सगळी कागदपत्रे एकाच डॉक्टरांकडे असावीत, आणि त्यांनी ‘काही नाही’ असे म्हणून निरोप देण्याऐवजी पुढच्या भेटीची तारीख द्यावी, कारण पहिल्या वर्षी न दिसलेला आजार दुसऱ्या वर्षी दिसू लागल्याची उदाहरणे वैद्यकात थोडीथोडकी नाहीत.