विश्वामित्रीचं शून्य कुठे आहे?

पावसाळ्यात बडोदेकराला दोन आकडे तोंडपाठ असतात. काळाघोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदी किती फुटांवर आहे आणि आजवा तलावाचं पाणी किती फुटांवर. नदी २५-२६ फुटांवर गेली की धोका. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ती ३५ फुटांच्याही वर गेली आणि मगरी वस्तीत शिरल्या. आजव्याची पातळी मात्र २११, २१२, २१३ अशी सांगतात. आता जरा थांबा. नदीत २५ फूट आणि तलावात २११? मग आजवा विश्वामित्रीच्या आठपट खोल आहे का?

मुळीच नाही! आजव्याचा आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला आहे आणि काळाघोड्याचा त्या पुलापाशी ठरवलेल्या शून्यापासून. बडोद्याची जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे ३५ मीटर, म्हणजे ११५ फूट उंच. नदीचे २५ फूट समुद्रापासून धरले, तर पुराचं पाणी रस्त्याच्या ९० फूट खालून वाहायला हवं. एक शहर, एक बातमी, दोन्हीकडे फूटच, पण शून्यं दोन. ऐकणाऱ्याला सवयीने सगळं कळतं. पुराचं गणित करणाऱ्या संगणकाला हे कोण सांगणार?

त्याला सांगायची जागा म्हणजे सेटिंग्जची खिडकी. पूर कसा पसरेल याचं गणित मांडण्यासाठी जगभर वापरलं जाणारं एक सॉफ्टवेअर आहे, हेक-रास. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांचं कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे एक जलविज्ञान केंद्र आहे, त्यांनी ते तयार केलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. नवशिके त्यात थेट नदी आखायला धावतात, सेटिंग्जची खिडकी उघडतसुद्धा नाहीत. मला विचाराल, तर खरी जादू त्याच खिडकीत आहे.

पहिला प्रश्न एककांचा. तिथे दोनच पर्याय दिसतात: अमेरिकी एककं किंवा एसआय. तुम्ही एक बदलून दुसरा निवडलात, तर आधी भरलेले आकडे आपोआप बदलतील असं वाटतं ना? नाही बदलत! १०० चे १००च राहतात, फक्त आता ते फुटांऐवजी मीटर समजले जातात. रूपांतर हवं असेल तर ते वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. कोयना किंवा उजनी धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे आपण रोज वाचतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एका घनमीटरात ३५.३ घनफूट मावतात. म्हणजे १,००० क्युसेकचा आकडा एसआयच्या रकान्यात तसाच टाकला, की नदीत ३५ पट पाणी आलं. सॉफ्टवेअर तक्रार करणार नाही. मुकाट्याने, अगदी बिनचूक गणित करून ते अख्खं बडोदं बुडवून दाखवेल.

नदीच्या वेगाचं जे सूत्र या गणिताच्या पोटात आहे, ते आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये डब्लिनला मांडलं. या सूत्रात मीटर वापरले तर पुढे गुणक १ असतो आणि फूट वापरले तर १.४८६. हा विचित्र आकडा आला कुठून? एका मीटरात ३.२८ फूट असतात, त्या ३.२८ चं घनमूळ काढा. १.४८६! नदीपात्राचा खडबडीतपणा सांगणारा आकडा दोन्ही एककांत तोच राहावा, म्हणून सगळा फरक या एका गुणकात ढकलून दिलाय. एककाची खूण बदलली, की सॉफ्टवेअर गुपचूप हा गुणकही बदलतं.

पुढचा प्रश्न पृथ्वीवरच्या जागेचा. गोल पृथ्वी सपाट पडद्यावर मांडण्यासाठी तिचे उभे पट्टे कल्पिले आहेत, प्रत्येकी सहा अंश रुंद. बडोदं ४३ व्या पट्ट्यात येतं आणि विषुववृत्तापासून मोजलं तर उत्तरेला साधारण २४,६७,००० मीटरवर. आता हाच पट्टा कोणी फुटांत मांडला, तर विचारावं लागतं: कोणता फूट? आंतरराष्ट्रीय फूट ०.३०४८ मीटरचा. अमेरिकी सर्वेक्षणाचा फूट त्याहून दहा लाखांत फक्त दोन भागांनी मोठा, आणि तो २०२२ च्या अखेरीस निवृत्तही केला गेला. पण जुन्या फायलींत तो अजून जिवंत आहे. दहा लाखांत दोन म्हणजे किती क्षुल्लक! मात्र विषुववृत्तापासून बडोद्यापर्यंत येईतो तो फरक साचत साचत जवळजवळ ५ मीटर होतो. पूल नदीवरून सरकून काठाकडे जायला एवढं पुरतं.

आणि २४,६७,००० हा आकडा संगणकाच्या आत राहतो तरी कसा? काही सॉफ्टवेअर, उदाहरणार्थ फ्लुएंट, सुरू होतानाच विचारतं, डबल प्रिसिजन हवं का. एक साधी खूण करायची चौकट. ती रिकामी ठेवली, तर प्रत्येक आकड्यातल्या अंकांना २४ बिटांची जागा मिळते, आणि बडोद्याच्या उत्तरेकडच्या अंतरासारखा आकडा पाव मीटरच्या टप्प्यांतच लिहिता येतो. दोन टप्प्यांच्या मधली जागा त्या संगणकासाठी अस्तित्वातच नाही! खूण केली, की बिटं ५३ होतात. मग तो टप्पा किती बारीक होतो? अर्ध्या नॅनोमीटरहूनही थोडा कमी. केसाच्या जाडीचा लाखावा भागसुद्धा नाही. एका टिचकीत पाव मीटरपासून अणूच्या घरापर्यंत.

प्रोसेसरचे किती कोर वापरायचे, हेही सेटिंग्जमध्येच ठरतं, आणि त्यातही गंमत आहे. समजा, संगणकाला पाचच अंक लिहिता येतात. १०,००० मध्ये ०.४ मिळवा; पाच अंकांत उत्तर १०,०००च. पुन्हा ०.४ मिळवा, तरी १०,०००. पण आधी ०.४ आणि ०.४ ची बेरीज केली, तर ०.८, आणि ती मिळवल्यावर उत्तर गोल होऊन १०,००१. क्रम बदलला, बेरीज बदलली! काम चार कोरांत वाटलं की बेरजांचा क्रम बदलू शकतो, म्हणून तोच पूर दोन यंत्रांवर शेवटच्या अंकांत वेगळा निघाला, तर त्यात कोणाची चूक नसते.

पण माझा सगळ्यात आवडता रकाना काळाचा. सॉफ्टवेअर पूर सलग पाहत नाही. सिनेमाच्या फ्रेमसारखे क्षण एकामागे एक काढतं. दोन क्षणांत अंतर किती ठेवायचं? याचं उत्तर क्युरंट, फ्रेडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ मध्ये शोधलं, इलेक्ट्रॉनिक संगणक जन्मायला अजून बराच अवकाश असताना. नियम असा की एका क्षणात लाटेने जाळीचं एक घर ओलांडून पुढे जाऊ नये. काळाघोड्यापाशी पाणी ७ मीटर खोल असेल, तर त्यातली लाट सेकंदाला ८ मीटरच्या आसपास पळते. जाळीचं घर ४० मीटरचं असेल, तर पाच सेकंद. हेक-रासची पद्धत या बाबतीत थोडी सैल चालते, पण रकान्यात पाच मिनिटं लिहिलीत, तर पडद्यावर पाणी कुठेही उसळू शकतं, कुठेही खड्डा पडू शकतो. नदी तीच, पाऊस तोच, बिघाड फक्त घड्याळात.

हेक-रास विंडोजच्या साध्या लॅपटॉपवरही चालतं. कोणाही विद्यार्थ्याने आजच उतरवून घ्यावं आणि आपल्या गावची नदी त्यात मांडून पाहावी. फक्त नवा प्रकल्प उघडल्यावर आधी ऑप्शन्समध्ये जाऊन एककं एसआय करा, आपल्या गावाचा पट्टा निवडा, आणि पातळीचा प्रत्येक आकडा कोणत्या शून्यापासून मोजलाय ते वहीत लिहून ठेवा. त्यानंतरच नदीची पहिली रेघ ओढा.