शस्त्रक्रियेनंतरची दहा वर्षे

उल्हासनगरचा कापडबाजार असो, अंबरनाथमधील किराणा दुकान असो की बदलापुरात नव्याने थाटलेली पेढी असो, आपल्या व्यापारी कुटुंबांचा दिवस बहुधा एकाच साच्याचा असतो. सकाळी दुकान उघडायचे, दिवसभर गल्ल्यापाशी बसून राहायचे, मधल्या वेळी चहा आणि फरसाण घ्यायचे. चौविहार पाळणारे सूर्यास्तापूर्वी डबा उघडतात. इतरांचे जेवण दुकान बंद झाल्यावर, रात्री उशिरा होते. बैठक लांब आणि हालचाल थोडी. त्यात काहींच्या शरीराचा कल मुळातच वजन वाढण्याकडे असतो. वजन शंभर-सव्वाशे किलोंवर जाते; मागोमाग मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार येतो. मग केव्हातरी घरात प्रश्न निघतो : वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

या प्रश्नावर आपल्या समाजात दोन टोकांची मते ऐकू येतात. एका मते ही चैन आहे. जिभेवर ताबा ठेवला तर पोट कापण्याची गरजच नाही. दुसऱ्या मते ही जादू आहे. एकदा शस्त्रक्रिया झाली की आयुष्यभराची चिंता मिटली. दोन्ही मते आकड्यांपुढे टिकत नाहीत. बँकेत कर्जप्रस्तावाची छाननी करताना केवळ पहिल्या वर्षाचा नफा पाहून निर्णय होत नसे; परतफेडीच्या संपूर्ण मुदतीचा विचार होत असे. या प्रस्तावाकडेही तसेच पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुंबईतील दोन गाजलेली उदाहरणे

महाराष्ट्रात या शस्त्रक्रियेचे नाव घरोघरी पोहोचले ते प्रामुख्याने दोन घटनांमुळे. २०११ मध्ये भारतीय जनता पक्षाचे तत्कालीन अध्यक्ष नितीन गडकरी यांनी मुंबईत डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्याकडून ती करून घेतली आणि पुढे त्याविषयी ते मोकळेपणाने बोलत राहिले. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तमधील इमान अहमद या सुमारे ५०० किलो वजनाच्या महिलेला मालवाहू विमानाने मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणण्यात आले. ७ मार्च रोजी डॉ. लकडावाला यांच्या पथकाने तिच्यावर शस्त्रक्रिया केली. वजन बरेच उतरले. परंतु पुढील उपचारांवरून तिची बहीण आणि रुग्णालय यांच्यात मतभेद झाले. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलविण्यात आले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथेच तिचे निधन झाले. हृदय आणि मूत्रपिंड यांचे विकार बळावले होते.

एका उदाहरणाने आशा वाढविली, दुसऱ्याने भीती. पण सव्वाशे किलोंच्या दुकानदाराने या दोहोंपैकी कोणाशीही आपली तुलना करू नये. त्याला लागतात ते हजारो सामान्य रुग्णांचे, अनेक वर्षे ठेवलेले हिशेब.

दीर्घ मुदतीचे हिशेब

आज मुख्यतः दोन शस्त्रक्रिया होतात आणि दोन्ही दुर्बिणीतून केल्या जातात. ‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’मध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराची एक लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. पोट लहान होते, एवढेच या शस्त्रक्रियांचे काम नव्हे. भूक आणि साखर यांचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांतही बदल होतो. म्हणूनच मधुमेहावर होणारा परिणाम कित्येकदा वजन उतरण्याआधीच दिसू लागतो.

एक महत्त्वाचा हिशेब स्वीडनचा आहे. तेथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांची, तशाच पण शस्त्रक्रिया न झालेल्या दोन हजार लोकांशी तुलना करण्यात आली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी घटले. दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणजे १२० किलोंचा माणूस ८२ किलोंपर्यंत उतरला आणि दहा वर्षांनी ९० किलोंवर स्थिरावला. काही वजन परत येते, पण सगळे येत नाही. उलट, शस्त्रक्रिया न झालेल्या गटाचे सरासरी वजन पंधरा वर्षांत दोन टक्क्यांहूनही कमी हलले. या वजनाला पोहोचल्यावर निव्वळ निर्धाराने ते उतरविणे किती दुष्कर असते, हे यावरून कळते. ‘जिभेवर ताबा नाही’ हा शेरा मारण्यापूर्वी हा आकडा आठवावा.

आयुर्मानाचे काय? याच अभ्यासाच्या २०२० मधील निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेले लोक, न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षे अधिक जगले. तरीही सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत त्यांचे आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत दगावण्याचे प्रमाण ०.२ टक्के, म्हणजे हजारात दोन होते.

मधुमेहाविषयी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी एचबीए१सी चाचणी ६ किंवा त्याखाली राखण्यात केवळ औषधांवरील रुग्णांपैकी ५ टक्के, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्के आणि बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के यशस्वी ठरले. लाभ निर्विवाद आहे. पण शंभरातील सत्तर जणांना ते लक्ष्य शस्त्रक्रियेनंतरही गाठता आले नाही.

स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर झाली. दहा वर्षांनंतर स्लीव्ह झालेल्यांचे जादा वजनापैकी सुमारे ४३ टक्के, तर बायपास झालेल्यांचे सुमारे ५१ टक्के उतरलेले होते. ‘जादा वजन’ म्हणजे प्रमाणित वजनापेक्षा जास्त असलेले. १६५ सेंटिमीटर उंचीच्या १२० किलोंच्या व्यक्तीचे जादा वजन सुमारे ५२ किलो धरले जाते. त्यातील २३ ते २६ किलो कायमचे गेले, असा याचा अर्थ. जाहिरातीतील सडपातळ छायाचित्रापेक्षा हे वेगळे चित्र आहे. शिवाय स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला आम्लामुळे सूज आढळली. बायपासमध्ये हेच प्रमाण ७ टक्के होते. ज्यांना आधीपासूनच आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांनी ‘माझ्यासाठी स्लीव्हच का?’ हे अवश्य विचारावे.

आणखी एक नोंद दुर्लक्षिता येणार नाही. अमेरिकेच्या युटा राज्यातील २००७ च्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर एकंदर मृत्यू ४० टक्क्यांनी आणि मधुमेहामुळे होणारे मृत्यू ९२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. परंतु अपघात, आत्महत्या यांसारख्या कारणांनी झालेले मृत्यू दीडपटीहून अधिक होते. शरीर बदलते तेव्हा मनालाही आधार लागतो.

ताट, तप आणि पारणे

आपल्या परंपरेत बाह्य तपांमध्ये अनशनानंतर ऊणोदरीचे स्थान आहे : भुकेपेक्षा कमी खाणे. शस्त्रक्रिया झालेल्याला ही ऊणोदरी जन्मभर पाळावी लागते. मात्र कमी खाताना त्यातील प्रत्येक घास पोषक असावा लागतो. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. कंदमुळे वर्ज्य असल्याने यात काही अडत नाही. मूग, मटकी, हरभरा, पनीर, दही यांतून ती मिळू शकतात. द्विदलाचा नियम असलेल्या घरात डाळ आणि दही यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. अडचण येते ती ताटात खाखरा, भात आणि मिठाई यांनीच लहान पोट भरून गेल्यावर.

चौविहार पाळणाऱ्यांनी पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे. शस्त्रक्रियेनंतर एका दमात पेलाभर पाणी पिता येत नाही, आणि जेवताना पाणी पिणेही टाळायचे असते. दिवसाचे दीड-दोन लिटर पाणी घोट घोट करून सूर्यास्तापूर्वीच संपवायचे असेल, तर सकाळपासून बाटली जवळ ठेवावी लागेल. उपवास, अठाई, वर्षीतप यांचा संकल्प करण्यापूर्वी शल्यचिकित्सकांना आणि गुरुभगवंतांना, दोघांनाही सर्व हकीकत सांगावी. पहिल्या वर्षात तर दीर्घ तप धोक्याचे ठरू शकते. अक्षय तृतीयेचे पारणे उसाच्या रसाने होते. बायपास झालेल्या व्यक्तीने असा गोड रस घटाघटा घेतला, तर घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा त्रास होऊ शकतो.

जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. बी-१२ शाकाहारी माणसात आधीच कमी असते. शस्त्रक्रियेनंतर त्याचे शोषण आणखी घटते. लोह, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व यांचेही तसेच. बऱ्याच कॅप्सूलचे वेष्टन प्राणिज जिलेटिनचे असते म्हणून कोणी औषध सोडून देऊ नये. साधी गोळी, इंजेक्शन किंवा शाकाहारी वेष्टनाची कॅप्सूल डॉक्टरांकडे मागावी.

लपवाछपवीची किंमत

या विषयातील सर्वांत नाजूक बाब म्हणजे गुप्तता. मुलीचे वजन स्थळांच्या आड येते म्हणून शस्त्रक्रिया करायची आणि सासरी कळू द्यायचे नाही, हा विचार अनेक घरांत होतो. परिणाम तिलाच भोगावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी, असा वैद्यकीय सल्ला असतो. तो ती कोणाला सांगणार? नव्या घरात आग्रहाचे वाढलेले ताट ती कसे नाकारणार, गोळ्या कोणापासून लपविणार? लोह आणि बी-१२ यांच्या अभावाची झळ मग बाळालाही पोहोचते. लग्नाच्या बोलण्यात वय, शिक्षण, व्यवसाय खुलेपणाने सांगितला जातो. तसेच हेही सांगावे. जे घर हे ऐकून माघार घेईल, त्या घरात तिची पथ्ये सांभाळली गेली असती का, याचा विचार आईवडिलांनी करावा.

विमा आणि निकष

शस्त्रक्रियेचा निर्णय मुख्यतः बीएमआयवर, म्हणजे किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या अंकावर ठरतो. भारतीयांसाठी प्रचलित निकष ३७.५, किंवा मधुमेहासारखा आजार असल्यास ३२.५ असा आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी तो आणखी खाली आणला. विमा नियामकाच्या नियमानुसार मात्र विमा कंपनीला हा खर्च बीएमआय ४० असल्यास, किंवा ३५ असून हृदयविकार, तीव्र निद्राश्वसनरोध, आटोक्यात नसलेला मधुमेह यांसारखा गंभीर विकार असल्यासच मान्य करणे भाग आहे. वय किमान अठरा हवे, डॉक्टरांचा सल्ला हवा आणि आधीचे सौम्य उपाय अयशस्वी ठरल्याची नोंद हवी.

फरक लक्षात घ्या. १६५ सेंटिमीटर उंचीचा, ९० किलोंचा मधुमेही डॉक्टरांच्या निकषात बसतो (३२.५ म्हणजे सुमारे ८८.५ किलो), पण विम्याच्या निकषात बसत नाही (३५ म्हणजे सुमारे ९५.३ किलो). म्हणून भरती होण्यापूर्वी लेखी मंजुरी घ्यावी आणि जुने आहारतक्ते, औषधचिठ्ठ्या जपून ठेवाव्यात. पॉलिसी घेताना आधीचे आजार लपवू नयेत. त्यांच्यासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासून कमाल ३६ महिन्यांचा झाला आहे. पुढील वर्षानुवर्षांच्या गोळ्या आणि चाचण्या यांचा खर्च मात्र बहुधा स्वतःच करावा लागतो. तो आधीच अंदाजपत्रकात धरावा.

२०२५ मध्ये ‘मौंजारो’ आणि ‘वेगोव्ही’ ही वजन घटविणारी इंजेक्शने भारतात आली. काहींना ती पर्याय ठरतील. परंतु ‘वेगोव्ही’तील औषध थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आल्याचे अभ्यासात दिसले आहे. तेथेही मुदत लांबचीच आहे.

आपल्या परिसरात काय करावे

शस्त्रक्रिया बहुधा ठाण्यात किंवा मुंबईत होते. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. दुकान बंद ठेवून दर वेळी जाणे जड जाते आणि पाठपुरावा सुटतो. म्हणून घराजवळच्या फॅमिली डॉक्टरांना सुरुवातीपासून विश्वासात घ्यावे. हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम यांच्या वार्षिक चाचण्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरातच होऊ शकतात. अहवाल शल्यचिकित्सकांना पाठवावेत. मात्र पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात तीव्र वेदना किंवा नाडीची धडधड जाणवली तर ‘ॲसिडिटी’ समजून घरी थांबू नये. टाक्यांतून गळती होण्याचा धोका शंभरात एक-दोघांना असतो. त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेले रुग्णालय गाठावे.

अतिस्थूलतेने ज्यांचे आयुष्य खरोखर आखडत चालले आहे, त्यांच्यासाठी ही शस्त्रक्रिया आज उपलब्ध असलेल्या प्रभावी उपायांपैकी एक आहे. पण संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी संपूर्ण कुटुंबाने एकत्र बसून पुढील दहा वर्षांचा स्वयंपाक, औषधे, तपासण्या आणि व्रते यांचा विचार करावा. आपण इतरांनीही एक पथ्य पाळावे. पर्युषणात अशा व्यक्तीला ‘यंदा उपवास किती?’ असे विचारू नये, आणि जेवणावळीत तिच्या ताटात आग्रहाने काही वाढू नये.