भिंतीवर सुकणारा चीक

महागणपतीच्या दर्शनाला रांजणगावला जाल तेव्हा रस्त्यालगतच्या भिंतींकडेही बघा. एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो, पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो, आणि एमआयडीसीकडे वळणाऱ्या ट्रकची धूळ आहेच. काही भिंती वर्षा-दोन वर्षांत मळतात, काहींना टेकलं की शर्टाची पाठ पांढरी होते. लोक शेडला नावं ठेवतात. ती ठेवायला हवीत चिकाला.

इमल्शन पेंटच्या डब्यात पाणी, टिटॅनियम डायऑक्साइड आणि खडूची भुकटी यांच्या जोडीला पॉलिमरचे मणी तरंगत असतात. हाच तो चीक, पेंटरच्या भाषेत बाइंडर. एक मणी साधारण दीडशे नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत पाचशे मावतील. फेविकॉल आठवा: लावताना दुधासारखा, वाळल्यावर जवळजवळ पारदर्शक. पाणी उडालं की मणी एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्या सीमा पुसतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. प्रकाश विखुरणाऱ्या कडाच उरत नाहीत. गडद शेड वाळल्यावर आणखी गडद दिसते ती म्हणूनच.

खरी कसरत मणी किती मऊ ठेवायचे याची. मिथाइल मेथाक्रिलेटचं पॉलिमर १०५ अंशांपर्यंत काचेसारखं कडक राहतं. ब्युटाइल अ‍ॅक्रिलेटचं मात्र उणे ५० अंशांनाही कडक होत नाही. म्हणून दोघांना एकाच साखळीत गुंफतात. कडक भाग वाढला तर जानेवारीच्या गार पहाटे मणी जुळत नाहीत, थराला भेगा पडतात. मऊ भाग वाढला तर उन्हात थर चिकट होऊन ट्रकची धूळ धरून ठेवतो. याच एमआयडीसीत १९२६ साली नॉर्वेत सुरू झालेल्या जोटुन या रंगकंपनीचा कारखाना आहे. पण नॉर्वेच्या गारठ्याला मानवेल इतका मऊ चीक रांजणगावच्या उन्हात टिकणार नाही. कडक मण्यांना जुळण्यापुरतं मऊ करणारं, मग हळूहळू उडून जाणारं द्रावकही घालतात. नव्या रंगाच्या वासात त्याचा वाटा असतो.

स्वस्त डिस्टेंपरमध्ये भुकटी जास्त, चीक कमी. कणांमधल्या फटी भरत नाहीत, तिथे हवा राहते. गंमत म्हणजे त्या हवेमुळेच भिंत पहिल्या दिवशी जास्त पांढरी दिसते, आणि गिऱ्हाईक खूश! पाऊस मात्र त्याच फटींतून आत शिरतो.

ताज्या प्लास्टरची गोष्ट वेगळी. सिमेंटचा तीव्र अल्कली ओलाव्याच्या मदतीने व्हिनाइल अ‍ॅसिटेटचा चीक तोडतो. शुद्ध अ‍ॅक्रिलिक बराच तग धरतो. तरी जुने पेंटर घाई करत नाहीत. प्लास्टर महिनाभर वाळू देतात, ओल गेली का ते पाहतात, आणि मगच प्रायमरचा हात देतात.