कबुली नाही, तरी शिक्षा
लेखमाला : कोर्टाबाहेरचे निकाल – लेखांक ६

१५ फेब्रुवारी २०२२ रोजी मॅनहॅटनच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश लुईस कॅप्लन यांच्या नावे एक छोटं पत्र दाखल झालं. वादी व्हर्जिनिया जुफ्रे यांचे वकील डेव्हिड बॉइस यांनी कळवलं होतं की दोन्ही पक्षांत तडजोड झाली आहे आणि महिन्याभरात दावा काढून घेतला जाईल. सोबत दोघांनी मान्य केलेलं एका परिच्छेदाचं निवेदन जोडलं होतं. प्रतिवादी होते राणी एलिझाबेथ यांचे दुसरे चिरंजीव, प्रिन्स अँड्र्यू. त्या संध्याकाळपासून ब्रिटनमध्ये जे बोललं गेलं त्याचा मथितार्थ आपल्या एका म्हणीत बसतो : कर नाही त्याला डर कशाला? पैसे मोजले म्हणजे केलंच असणार. संख्येने कमी पण आवाजाने मोठा असा दुसरा गट म्हणत होता, पैसे घेतले म्हणजे तिला पैसेच हवे होते. कायद्याच्या दृष्टीने हे दोन्ही निष्कर्ष सारखेच कच्चे आहेत. तरीही बहुसंख्य लोक अँड्र्यू यांच्यावर उलटले ते कायदा कळत नव्हता म्हणून, असं मला वाटत नाही. कोर्टापुढे जो प्रश्न होता त्यापेक्षा वेगळ्याच प्रश्नाचा निकाल त्यांनी दिला, आणि त्या प्रश्नापुरता तो बरोबर होता.

आधी दावा काय होता ते पाहू. जुफ्रे यांचं म्हणणं असं की लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेला अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन आणि त्याची साथीदार घिलेन मॅक्सवेल यांनी त्यांना अँड्र्यू यांच्या हवाली केलं, आणि लंडन, न्यूयॉर्क व एपस्टीनचं कॅरिबियनमधलं खासगी बेट अशा तीन ठिकाणी त्यांचं लैंगिक शोषण झालं. त्या वेळी त्या १७ वर्षांच्या होत्या. अँड्र्यू यांनी हे सगळं पहिल्यापासून नाकारलं आहे. इतक्या जुन्या तक्रारीला मुदतीचा कायदा आड आला असता, पण बालपणी शोषण झालेल्यांसाठी न्यूयॉर्क राज्याने २०१९मध्ये केलेल्या कायद्याने जुने दिवाणी दावे दाखल करायला काही काळ दार उघडलं होतं. ते १४ ऑगस्ट २०२१ला बंद होणार होतं, आणि जुफ्रे यांचा दावा ९ ऑगस्टला दाखल झाला. दिवाणी हा शब्द इथे महत्त्वाचा. या कोर्टात कोणी तुरुंगात जाणार नव्हतं, दोषी ठरणार नव्हतं. जुफ्रे जिंकल्या असत्या तरी ज्युरीने त्यांच्या पदरात टाकली असती ती नुकसानभरपाईच.

मराठी वाचकाला इथे अडखळायला होतं, कारण आपल्याकडे असल्या प्रकरणात ‘आपसात मिटवलं’ हे ऐकलं की फौजदारी तक्रार दाबल्याचाच वास येतो. तो संशय निराधार नाही. बलात्कारासारखा गुन्हा समेट झाला म्हणून रद्द करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या ग्यान सिंग खटल्यात म्हटलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याचं दहावं कलमही समेटाला परवानगी देताना पैशाच्या आधारावरचा समेट चालणार नाही असं बजावतं. मॅनहॅटनमध्ये मात्र मिटवण्यासारखी फौजदारी फिर्यादच नव्हती. लंडनच्या पोलिसांनी २०२१मध्ये कागदपत्रं पुन्हा चाळली आणि पुढे काही करणार नाही असं जाहीर केलं. म्हणून जुफ्रे यांनी ‘पैसे घेतले’ या टोमण्यात फारसा अर्थ उरत नाही. जे कोर्ट पैशाखेरीज दुसरं काही देऊच शकत नाही, त्याच्या दारात गेलेल्या बाईला पैसे मिळाले हा तिच्या हेतूचा पुरावा कसा होईल?

दुसऱ्या बाजूचा न्यायही तितक्याच काटेकोरपणे करायला हवा. अमेरिकेच्या फेडरल कोर्टांत दाखल होणाऱ्या दिवाणी दाव्यांपैकी अगदी थोडे ज्युरीपर्यंत पोहोचतात. बाकीचे वाटेतच फेटाळले जातात, मागे घेतले जातात किंवा मिटतात. खर्च, वेळ, उलटतपासणीची धास्ती, ज्युरीचा लहरीपणा, ही सगळी गणितं निर्दोष माणूसही मांडतो. म्हणूनच तिथला पुराव्याचा कायदा सांगतो की तडजोडीचा देकार हा जबाबदारीचा पुरावा म्हणून पुढे करता येत नाही. मिटवणाऱ्याला त्याची तडजोडच गळ्यात बांधली, तर कोणी मिटवायलाच धजणार नाही. तेव्हा नुसत्या रकमेवरून, म्हणजे ब्रिटिश वर्तमानपत्रांनी छापलेल्या आणि अधिकृतपणे कधीच जाहीर न झालेल्या १.२ कोटी पौंडांच्या आकड्यावरून, काहीच सिद्ध होत नाही. आकडा मोठा म्हणून पाप मोठं हा हिशेब बाजारातला झाला.

पण लोकांच्या हाती फक्त आकडा नव्हता. दोन कागद होते. पहिला २९ ऑक्टोबर २०२१चा. दावा फेटाळावा असा अर्ज करताना अँड्र्यू यांच्या वकिलांनी जुफ्रे यांचं वर्णन प्रिन्सकडून आणखी एक घबाड उकळू पाहणारी बाई असं केलं होतं. त्या अर्जाची मुख्य भिस्त होती ती जुफ्रे आणि एपस्टीन यांच्यात २००९मध्ये ५ लाख डॉलरवर झालेल्या करारावर : त्यात एपस्टीनबरोबर इतर संभाव्य प्रतिवादींनाही मोकळं केलं आहे, तेव्हा अँड्र्यूही सुटले, हा युक्तिवाद. यातली गंमत अशी की स्वतःची निर्दोषता सांगणारा माणूस एपस्टीनने विकत घेतलेल्या सुटकेच्या आडोशाला उभा राहत होता. कॅप्लन यांनी १२ जानेवारी २०२२ला हा अर्ज फेटाळला. दुसरा कागद फेब्रुवारीतला. त्यात तेच अँड्र्यू म्हणतात की जुफ्रे यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवण्याचा आपला कधीच हेतू नव्हता, त्या शोषणाच्या बळी आहेत आणि त्यांना अन्यायकारक जाहीर हल्लेही सोसावे लागले हे आपल्याला मान्य आहे. एपस्टीनशी संबंध ठेवल्याची आपल्याला खंत वाटते. आणि पीडितांसाठी काम करणाऱ्या जुफ्रे यांच्या संस्थेला आपण भरीव देणगी देऊ. शोषण कोणी केलं हे निवेदन सांगत नाही, आणि ते वकिलांनी मुद्दाम सांगितलेलं नाही. पण साडेतीन महिन्यांपूर्वी घबाडखोर ठरवलेल्या बाईच्या धैर्याचं त्याच निवेदनात कौतुक आहे. ऑक्टोबरचा कागद खरा तर फेब्रुवारीचा कसा, हे विचारायला कायद्याची पदवी लागत नाही.

त्याच्याही आधीचा तिसरा पुरावा अँड्र्यू यांनी आपणहून, कॅमेऱ्यासमोर दिला होता. १६ नोव्हेंबर २०१९ला बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’वर एमिली मेटलिस यांना त्यांनी सांगितलं की या बाईला भेटल्याचं आपल्याला आठवतच नाही, ज्या रात्रीबद्दल ती बोलते त्या दिवशी आपण मुलीला वोकिंगच्या पिझ्झा एक्स्प्रेसमध्ये नेलं होतं, आणि नाचताना आपल्याला घाम येत होता हे तिचं वर्णन खोटं, कारण फॉकलंड युद्धानंतर आपल्याला घामच येत नसे. दाव्यात जुफ्रे यांच्या वकिलांनी घाम न येण्याबद्दलचे वैद्यकीय कागद मागितले, तर उत्तर आलं की तसे कागद सापडत नाहीत. जी आठवतही नाही अशा बाईला गडगंज रक्कम का, हा प्रश्न कोणा पत्रकाराच्या खोडसाळपणातून आलेला नाही. तो अँड्र्यू यांच्याच तोंडच्या वाक्यांतून उभा राहतो.

यावर एक भक्कम आक्षेप आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. जुफ्रे यांनी वकील ॲलन डर्शोवित्झ यांच्यावरही असेच आरोप केले होते. नोव्हेंबर २०२२मध्ये त्या दोघांतले दावे मिटले तेव्हा, आपली ओळखण्यात चूक झाली असू शकते, असं त्यांनी जाहीर केलं. मग त्यांचं अँड्र्यू यांच्याबद्दलचं म्हणणं तरी कशावरून मानायचं? उलटतपासणीत हा प्रश्न जरूर यायला हवा होता, आणि तो आला नाही हे जुफ्रे यांच्या बाजूचंही नुकसान आहे. पण हीच दोन प्रकरणं शेजारी ठेवली तर तडजोड कशी वाचावी हेही कळतं. डर्शोवित्झ लढायला उभे राहिले आणि त्यांच्या कागदात वादीने चुकीची शक्यता मान्य केली. अँड्र्यू यांच्या कागदात तसा एक शब्द नाही. तिथे प्रतिवादीच वादीची वाखाणणी करतो. दोन्हींपैकी एकही कागद निकाल नाही. पण कोण किती मागे सरलं हे त्या मजकुरावरून दिसतं.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा : गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. ते खरंच आहे, पण हे तत्त्व सरकारच्या दंडशक्तीपासून माणसाला वाचवण्यासाठी आहे. त्याने कुणाला लष्करी रेजिमेंटचं मानद कर्नलपद किंवा संस्थांचं आश्रयदातेपद राखून ठेवण्याचा हक्क मिळत नाही. निवडून आलेला मंत्री मतांचा हवाला देऊ शकतो, न्यायाधीश नेमणुकीचा. राजपुत्राकडे जन्माखेरीज काही नसतं, आणि तो जन्म लोकांनी मानला तरच त्याला किंमत. त्यामुळे ‘याला आपल्या वतीने फीत कापायला पाठवायचं का?’ हा प्रश्न लोकांनी स्वतःच्या निकषांवर सोडवणं रास्त होतं. राजवाड्यालाही ते कळलं होतं. कॅप्लन यांच्या आदेशाच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांना लष्करी पदांवरून हटवा असं सांगणारं दीडशेहून अधिक माजी सैनिकांचं पत्र प्रसिद्ध झालं असताना, अँड्र्यू यांची लष्करी पदं आणि आश्रयदातेपदं काढून घेतली गेली. तडजोडीला अजून महिना होता. एप्रिलमध्ये यॉर्कच्या नगरपरिषदेने त्यांना १९८७मध्ये दिलेला मानाचा नागरिक हा किताब एकमताने परत घेतला. यॉर्कचा ड्यूक यॉर्कलाच नकोसा झाला होता. मधल्या मार्चमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रिन्स फिलिप यांच्या स्मृतिसभेला राणी याच मुलाचा हात धरून आत आल्या, त्यावर जी नाराजी उसळली तिचा रोख दाव्यावर नव्हताच; कुटुंबाची माया देशाच्या समारंभात आणू नका, एवढंच लोक म्हणत होते.

ऑक्टोबर २०२५मध्ये गुन्हा आणि पद यांच्यातली ही फारकत राजवाड्याने स्वतः लिहून दिली. तोवर बरंच घडलं होतं. एप्रिलमध्ये जुफ्रे यांनी ऑस्ट्रेलियात आयुष्य संपवलं होतं, त्यांचं आत्मकथन त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं होतं, आणि डिसेंबर २०१०मध्ये एपस्टीनशी संबंध तोडल्याचं सांगणाऱ्या अँड्र्यू यांचा फेब्रुवारी २०११चा आपुलकीचा ई-मेल उघड झाला होता. ३० ऑक्टोबरला राजे चार्ल्स यांनी भावाचे किताब आणि सन्मान काढून घेण्याची प्रक्रिया सुरू केल्याचं जाहीर झालं. विंडसरचं राहतं घर, रॉयल लॉज, हेही सोडायला सांगितलं गेलं. अँड्र्यू आरोप नाकारत असले तरी ही कारवाई आवश्यक आहे, असं त्या निवेदनात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे शिक्षा झाली, आणि ती गुन्हा सिद्ध होण्यावर अवलंबून नाही हेही सांगून झालं.

मात्र लोकांचा राग जिथे बरोबर होता तिथेच तो अपुराही पडला, कारण राजवाडा जे देऊ शकतो तेवढंच त्याला मिळालं : किताब, पदं, घर. तडजोड महाराणींच्या राज्यारोहणाच्या सत्तराव्या वर्षाचा सोहळा विस्कटू नये म्हणून झाली, असं तेव्हा सर्रास म्हटलं गेलं. सोहळा जूनमध्ये होता आणि खटला शरद ऋतूच्या आधी उभा राहणारच नव्हता. त्याहून जवळची तारीख होती १० मार्च. त्या दिवशी लंडनमध्ये बॉइस अँड्र्यू यांची शपथेवर जबानी घेणार होते. कायद्याच्या सल्लागारांनी सांगितलं तर शपथेवर बोलू, असं ‘न्यूजनाइट’मध्ये म्हटलेला माणूस त्या खुर्चीत बसण्याच्या तीन आठवडे आधी बाजूला झाला. ८ मार्चला दावा रीतसर निकाली निघाला. पैसे नेमके कुणी आणि किती दिले हेही कुटुंबाने सांगितलेलं नाही. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या देखरेख समितीतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी अँड्र्यू यांना एपस्टीन प्रकरणी जबाब द्यावा अशी विनंती केली, २० तारखेपर्यंत उत्तर मागितलं. त्या मुदतीत उत्तर आलं नाही, आणि ते द्यायला त्यांना भाग पाडेल असा अधिकार त्या पत्रामागे नव्हता.

(पुढील आठवड्यात : जुन्या तक्रारींसाठी मुदतीचं दार उघडणारे कायदे आणि त्यांना होणारा विरोध.)