एका काचेवरील दोन गती

सायंकाळी अंधार पडू लागला आणि आगगाडीच्या डब्यात दिवे लागले, की खिडकीची बंद काच मोठी गमतीची होते. तिच्यातून बाहेरची झाडे मागे पळताना दिसतात आणि तिच्यावरच प्रवाशाचा चेहरा प्रतिबिंबित झालेला दिसतो. काच एक, पण चित्रे दोन! माणसाच्या डोळ्यांना ती सहज निरनिराळी ओळखू येतात. संगणकाला मात्र हे काम फार अवघड गेले.

कारण संगणकाला झाडही दिसत नाही आणि चेहराही दिसत नाही. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र म्हणजे त्याच्या लेखी चौकटीचौकटींत भरलेले उजेडाचे आकडे. एखाद्या घरात झाडाचा उजेड ७० आणि चेहऱ्याचा ३० असला, तर त्याच्या हाती १०० एवढी बेरीजच येते. १९८१ साली हॉर्न व शंक यांनी चित्रांतील गती मोजण्याची एक प्रसिद्ध रीत सांगितली. परंतु एका ठिकाणी एकच गती असते, असे तीत गृहीत धरले होते. काचेवर नेमके तेच खोटे ठरते.

१९९२ साली बर्गन, बर्ट, हिंगोराणी व पेलेग या संशोधकांनी जी युक्ती प्रसिद्ध केली, ती आहे साध्या वजाबाकीची. पाठोपाठची तीन चित्रे घ्यावयाची. समजा, दर चित्रात झाडे ५ घरे डावीकडे सरकतात. मग पहिले चित्र सबंधच ५ घरे डावीकडे सरकवून दुसऱ्यातून वजा करावे. झाडांवर झाडे बसून ती नाहीशी होतात. उरतो तो चेहऱ्याचा अंश. दुसरे चित्र तसेच सरकवून तिसऱ्यातून वजा केले, की आणखी एक बाकी मिळते. या दोन बाक्यांत एकच गती शिल्लक असते, आणि एक गती मोजणे संगणकाला येतेच. दोनच चित्रे घेतली असती, तर बाकी एकच उरली असती. आणि एकट्या चित्रावरून गती कशी कळणार?

पण झाडांची गती आधी कोठून कळावी? तिचा प्रथम अंदाजच करावा लागतो. त्यावरून चेहऱ्याची गती काढावयाची, मग चेहरा पुसून झाडांची गती पुन्हा मोजावयाची. असे आलटून पालटून केले म्हणजे अंदाजातील चूक कमी कमी होत जाते.

मोटारीतील कॅमेराही पुष्कळदा समोरच्या काचेतूनच रस्ता पाहतो. काचेवरील प्रतिबिंबाची गती आणि रस्ता ओलांडणाऱ्या मुलाची गती यांची त्याने गल्लत केली, तर ते मूल किती वेगाने पुढे येत आहे याचा हिशेब चुकेल, आणि तेथे क्षणाचा उशीरही जिवावर बेतेल.

मात्र दोन्ही गती सारख्या झाल्या, की ही वजाबाकी लंगडी पडते. आगगाडी स्थानकात थांबली, की बाहेरचे झाडही स्थिर आणि स्तब्ध बसलेल्या प्रवाशाचा चेहराही स्थिर. अशा वेळी एक पुसावयास जावे, तर दोन्ही पुसली जातात आणि बाकी शून्य उरते.